जाता जाता दोन दिवस

टॉवेल नवा होता. किमतीची चिठ्ठी काढून टाकलेली होती, पण ती अडकवायचा प्लास्टिकचा बारीक दोरा कोपऱ्यात तसाच राहिला होता. पलंगाच्या पायथ्याशी घडी, घडीवर साबणाची न फोडलेली वडी आणि उशाशी झाकण घातलेला पाण्याचा ग्लास. पाठीवरची सॅक उतरवायची विसरून मी त्या मांडणीकडे बघत उभी राहिले. स्वयंपाकघरात चिमटी चहाचं आधण ठेवत होती, कपाटांची दारं आपटत होती आणि तिथूनच विचारत होती, ढब्बे, साखर घेतेस ना अजून, की सोडलीस चारचौघींसारखी. आवाज तोच होता. बंदरावर बोटीतून उतरले तेव्हा तिनं मारलेली मिठीही तीच होती, हाडं टोचणारी. चिमटी हे नाव तिला वसतिगृहात पडलं ते अंगकाठीवरून, आणि ढब्बू हे मला का पडलं ते सांगायची गरज नाही. म्हणजे नावं जागेवर होती, आवाज जागेवर होता, साखरसुद्धा जागेवर होती. फक्त टॉवेल नवा होता.

वसतिगृहाच्या त्या खोलीत आमच्या दोघींत दोन टॉवेल होते असं म्हणायचं, पण त्यातला एक कायम ओला असायचा आणि कोरडा कुणाचा हे कधी ठरलंच नाही. तिच्या चपला घालून मी कामावर गेले आहे. माझा स्वेटर घालून ती एका मुलाखतीला गेली आणि नकार घेऊन परत आली, तेव्हा सगळं खापर आम्ही स्वेटरवर फोडलं. तापात मी तिच्या अंगावर ओकले आहे आणि तिनं मला पुसता पुसता शिव्या घातल्या आहेत. अशा माणसाला कुणी साबणाची अख्खी वडी देत नाही, झिजलेली देतं, तीही स्वतःच्या ओल्या हातातून. अख्खी वडी पाहुण्याला देतात. मी चहा प्यायले, साखर बरोबर होती, आणि न्हाणीघरात गेल्यावर त्या नव्या टॉवेलनं अंग पुसलं. नवे टॉवेल पाणी टिपत नाहीत, नुसतं इकडचं तिकडं करतात.

आणि मला पाहुणी व्हायचं नव्हतं. कळवलं मात्र तसंच होतं. पुढच्या शहराला जाता जाता दोन दिवस डोकावते, तुला काही त्रास देणार नाही, असं मी फोनवर लिहिलं आणि पाठवून झाल्यावर स्वतःवरच चिडले, कारण खरं कारण वेगळं होतं. आम्ही दोघी कवळ्या करणाऱ्या. एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलो, मेण तापवायला, जबड्याच्या साच्यावर एकेक दात लावायला, हिरडी कोरायला. ती लग्न करून या बंदराच्या गावी आली. लग्न टिकलं नाही, धंदा टिकला. मी मागेच राहिले आणि एका मोठ्या कारखानावजा ठिकाणी दात लावत राहिले. मागच्या वर्षी तिच्याबरोबर काम करणारे गृहस्थ हात थरथरायला लागले म्हणून घरी बसले, तेव्हा तिनं मला लिहिलं: माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झालीय, बघ. मी लिहिलं: बघते. त्यानंतर ना तिनं विषय काढला, ना मी. मग आमच्याकडे यंत्र आलं. पडद्यावर बोट फिरवलं की दात तयार, सगळे एका मापाचे, कवायतीला उभे केल्यासारखे. त्याच्या आधी काही वर्षं आमचं हातकामसुद्धा तसंच दिसलं पाहिजे असा मालकांचा आग्रह होता, आणि माणूस एकदा यंत्रासारखं काम करायला शिकला की त्याच्यापेक्षा यंत्रच बरं, ते निदान चहाला उठत नाही. मालकांनी मला निरोपाचा फुलांचा गुच्छ दिला. भाचीनं तिची सॅक दिली आणि म्हणाली, मावशी, आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलंस, आता जरा बाहेर बघ. या वयात पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या बाईला लोक एकतर साध्वी समजतात नाहीतर घरातून भांडून निघालेली. मी समुद्रकाठची शहरं निवडली. हवा बदलेल, असं सगळ्यांना सांगितलं. नकाशावर रेघ ओढताना ती या गावावरून जाईल एवढी काळजी मात्र घेतली.

प्रवास वाईट झाला नाही, उलट मला वाटलं होतं त्याहून मी जास्त खूश होते. स्वस्तातल्या मुक्कामाच्या जागी एका खोलीत आठ-आठ पलंग, आणि मी वरच्या पलंगावर चढताना शिडी कुरकुरली की खालच्या पोरी श्वास रोखून धरायच्या. एकीनं शेवटी स्वतःचा खालचा पलंग मला दिला, माझ्या काळजीनं की स्वतःच्या, ते मी विचारलं नाही. बसच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, मधेच घरांमागे जायचा, पुन्हा दिसायचा, आणि आपण कुणाला तरी न सांगता बाहेर पडलोय असं लहानपणीचं सुख वाटायचं. आधीच्या शहरात आमची एक जुनी मैत्रीण राहते, औषधांच्या दुकानात काम करते. तिनं माझ्या मुक्कामाचं वेळापत्रकच आखलं होतं आणि तिच्या नवऱ्यानं पहिल्याच चहाला परतीचं तिकीट काढलंय ना, म्हणून विचारलं. त्यातलं काही माझ्या मनाला लागलं नाही. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, हे मला ठाऊक आहे, आणि तिथं मी खरोखरच पाहुणी होते. इथं मला एका खुर्चीबद्दल विचारायचं होतं. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर खुर्ची जाणार होतीच, पण नाही म्हणताना तिला जे अवघडल्यासारखं होईल त्यानं मैत्रीणही जाणार होती. तेलही गेलं, तूपही गेलं. सोमवारपासून मी कुठं असणार आहे हे मला माहीत नव्हतं आणि या वयात हे माहीत नसणं भाचीला वाटतं तेवढं गमतीचं नसतं.

त्या संध्याकाळी चिमटीनं मला गाव दाखवलं. दाखवलं हाच शब्द खरा, हात पुढे करून, हा जुना धक्का, इथून सूर्य बुडताना चांगला दिसतो, फोटो काढायचा असेल तर या कठड्यापाशी ये. मी कठड्यापाशी गेले आणि फोटो काढला. वारा खारट होता, ओठ चाटले की चव लागत होती, बोटींच्या दोऱ्या खांबांवर टकटक वाजत होत्या. येणारे-जाणारे लोक चिमटीला हात करत होते आणि ती हळूच मला सांगत होती, वरची माझी, हिची खालची-वरची दोन्ही, त्याला अजून करून घ्यायचीय पण घाबरतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला चेहरे नंतर दिसतात. ती हसत हसत सांगत होती आणि मीही हसत होते, पण मधेच तिनं विचारलं, थकली नाहीस ना, रिक्षा करायची का? एके काळी हीच बाई, माझा पाय मुरगळलेला असताना, चाल गं, पाय काय दुकानात ठेवायला दिलाय का, म्हणून मला अख्खा चढ चढवून घेऊन गेली होती. मी म्हटलं, नाही गं, मस्त वाटतंय. दोघीही इतक्या चांगल्या वागत होतो की बघणाऱ्याला वाटलं असतं आजच ओळख झालीय.

तिची कामाची खोली दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर आहे, एक जिना चढून. एवढीशी खोली, लांब टेबल, खिडकीतून बोटींची शिडं. स्पिरिटच्या दिव्याचा वास, मेणाचा वास, ओल्या प्लास्टरचा वास, तिन्ही एकदम अंगावर आले आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. मेणाच्या सुऱ्या तिनं मास्तर लावायचे तशाच लावल्या होत्या, मोठी उजवीकडे, लहान डावीकडे. तिची खुर्ची तिच्या पाठीच्या आकाराची झालेली. आणि शेजारी ती दुसरी. तिच्यावर प्लास्टरच्या गोणपाटासारख्या जाड कागदी पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या, वर साच्यांची खोकी, त्याच्यावर तिची छत्री. वर्षभरात त्या खुर्चीचं फडताळ झालं होतं. मी म्हटलं, जागा छान आहे गं. ती म्हणाली, लहान आहे, पण एकटीला पुरते. एकटीला हा शब्द मी घरापर्यंत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी तिला काम फार होतं आणि मला कुठं जायचं नव्हतं, म्हणून तिच्याबरोबर गेले. थोडा वेळ खिडकीत उभी राहिले, थोडा वेळ जुने साचे बघत राहिले. शेवटी ती उठली, खुर्चीवरच्या पिशव्या खाली उतरवल्या, बसायची जागा फडक्यानं पुसली आणि माझ्यासमोर एक जबडा ठेवला, वरचा आणि खालचा, उघडझाप होणाऱ्या पितळी चौकटीत बसवलेला, मेणाची कड तयार. म्हणाली, हात शिवशिवत असतील तुझे, लाव हे दात, गाण्याच्या बाईंचे आहेत. या बाई गावात मुलांना गाणं शिकवायच्या. दात गेल्यापासून शब्द फुसफुसतात म्हणून त्यांनी शिकवणं सोडलं होतं आणि तोंडापुढे हात धरून बोलायची सवय लावून घेतली होती. त्यांचा तरुणपणीचा एक फोटो चिमटीनं टेबलासमोर टाचून ठेवला होता, मैदानात कुणाशी तरी हसताना. मी दिवा पेटवला. बोटांना सगळं आठवत होतं, माझ्याआधी. सुरी तापवायची, मेण मऊ करायचं, दात टेकवायचा, जरा मागे जाऊन बघायचं. वेळ कसा गेला कळलं नाही. बाहेर बोटी भोंगे देत होत्या, चिमटी गुणगुणत होती, मधेच न बघता हात पुढे करत होती आणि मी न विचारता तिच्या हातात लहान सुरी देत होते. सबंध प्रवासात मला कुठल्याच किनाऱ्यावर इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग तिनं माझं काम उचलून उजेडात धरलं. पुष्कळ वेळ बघितलं. तिचा खालचा ओठ एका बाजूला गेला, तसा तो काहीतरी खटकलं की जायचा, आणि मी तयार झाले, कारण मास्तरांकडे आम्ही एकमेकींच्या कामाचे असे वाभाडे काढायचो की शेजारचे उठून जायचे. तिनं चौकट खाली ठेवली. "छान झालंय," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

तिथं माझी आशा संपली. टॉवेल मी समजून घेतला असता, रिक्षा समजून घेतली असती. पण आमच्या दोघींत आजवर कामाला कुणी छान म्हटलं नव्हतं. चांगलं असेल तर आम्ही गप्प बसायचो, वाईट असेल तर तोंड सुटायचं. छान हे आम्ही डॉक्टरांना म्हणायचो, मालकांना म्हणायचो, त्यांच्या बायकोच्या साडीला म्हणायचो. जेवताना तिनं मला आग्रह केला आणि मी पोट भरलं म्हणाले. झोपताना तिनं पंखा हवा का विचारलं. सॅक भरताना मला जाणवलं की आठवडाभराचे कपडे किती थोड्या वेळात भरून होतात.

सकाळी ती लवकर कामावर गेली. माझी बोट दुपारची होती. बंदरावर निरोप द्यायला येते म्हणाली, पण घराची किल्ली द्यायला मीच वर तिच्या खोलीत गेले. ती खाली डॉक्टरांकडे गेली होती. सॅक दाराशी टेकवून मी उभी राहिले. टेबलावर गाण्याच्या बाईंचे दात होते आणि समोर गाण्याच्या बाई हसत होत्या. काल मी त्या फोटोकडे बघितलं होतं, म्हणजे डोळे त्याच्यावर ठेवले होते. आता बघितलं. पुढच्या दोन दातांतला डावा उजव्यावर जरासा चढलेला होता, घाईत माणूस दुसऱ्याच्या पुढे खांदा घालतो तसा, आणि त्या हसण्यातली सगळी गंमत त्या चढण्यात होती. आणि मी लावलेले दात सरळ होते. एका रेषेत, एका उंचीचे, बिनचूक. यंत्रासारखे. अशी कवळी घालून बाई आरशात बघतील तेव्हा त्यांना दुसरीच कुणीतरी दिसेल आणि त्या तोंडापुढचा हात काही काढणार नाहीत. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, कारण हे चिमटीला दिसलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. माझ्या मनाला लागू नये म्हणून तिनं त्या बाईंचं हसू जाऊ दिलं. मी दिवा पेटवला, बसले आणि सुरी तापवली. बोट चुकली तर चुकली.

ती आली तेव्हा डावा दात मी मेणातून सोडवला होता. दाराशी सॅक बघून ती थांबली, मग माझ्या हातातली सुरी बघितली. काय करतेस, असं तिनं विचारलं आणि मी म्हटलं, जाता जाता एवढा दात नीट करते.

"ठेव ती सुरी खाली."

"वाईट झालंय गं हे. तुला दिसलं नाही?"

"दिसलं नाही कसं? न्हाणीघराला फरशा बसवल्यासारखे लावलेस दात. काल बघितल्यापासून माझं डोकं उठलंय."

"मग छान का म्हणालीस?"

चिमटी आपल्या खुर्चीवर बसली. हातातला रुमाल तिनं टेबलावर टाकला. "वाईट म्हटलं असतं तर तू तिथल्या तिथं नीट करून ठेवले असतेस," ती म्हणाली, "आणि आज सुखानं बोटीत बसली असतीस. बाई सोमवारी येणार आहेत ट्रायलला. मेणातले दात तोंडात घालून बघितल्यावर त्या नको म्हणणार, सगळं उपसून पुन्हा लावायला लागणार, हेच सांगायला आज बंदरावर येणार होते. आणि मास्तरांचं काय म्हणणं होतं?"

मास्तरांचं म्हणणं मला पाठ होतं. ज्यानं दात लावायला घेतले त्यानंच कवळी माणसाच्या तोंडात बसेपर्यंत उभं राहायचं, काम अर्ध्यात दुसऱ्याकडे द्यायचं नाही. एका तोंडात दोघांचे हात गेले की दात सवतींसारखे भांडतात, म्हणायचे. ताप असला तरी यायचं, घरी काही असलं तरी यायचं. इतक्या वर्षांत मी हा नियम कधी मोडला नव्हता आणि तिनंही नाही. म्हणजे काल पिशव्या उतरवून तिनं तो जबडा माझ्यासमोर ठेवला तेव्हाच तिनं मला अडकवलं होतं, आणि मी हात शिवशिवताहेत म्हणून वेळ घालवत बसले होते. इतकी वर्षं कवळ्या करून अक्कलदाढ तेवढी यायची राहिली, असं मास्तर म्हणाले असते.

"एवढं सगळं करण्यापेक्षा तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? वर्षभर बघतेच आहेस तू. मग लिहिलंस, दोन दिवस, त्रास देणार नाही. त्रास! मी चार दुकानं हिंडून तुझ्यासाठी टॉवेल आणला, म्हटलं हिला आता असलं लागत असेल. बोटीतून उतरलीस तर पाठीवर ते गाठोडं आणि चेहरा असा मोकळा, सुटलेल्या माणसाचा. म्हटलं जग बघायला निघालीय, हिला कशाला माझ्या खुंटीला बांधू. पण वाटत तर होतं."

तिचा आवाज शेवटी बारीक झाला आणि तिनं उगाच दिव्याची वात खालीवर केली. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण आता बोलायची पाळी माझी होती आणि मागे लपायला काही उरलं नव्हतं. मोकळा चेहरा कसला, मी बोटीतून उतरताना फक्त तिला शोधत होते. इथं राहून धंदा करायचा म्हणजे कागदपत्रं, परवानग्या, भाचीला समजावणं, तिकडची खोली रिकामी करणं, हे सगळं डोक्यात एकदम गर्दी करून आलं आणि मी त्या गर्दीला बाहेर थांबायला सांगितलं.

"मला तुझ्या शेजारची खुर्ची हवी आहे," मी म्हणाले.

चिमटीनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"मग बसलीयस कशावर?"

त्यानंतर आम्ही दोघी थोड्या रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि रडताना तिनं माझ्या चष्म्याला मेण लावून ठेवलं. खालून डॉक्टरांनी काहीतरी विचारायला हाक मारली, तिला ओ देता आली नाही, मी दिली. मग तोंड धुऊन मी पुन्हा दिव्याकडे वळले. गार झालेली सुरी तापवली आणि डावा दात उजव्यावर चढवला, जरासा. पुरेसा नव्हता. आणखी चढवला. फोटोतल्या बाईंकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं. एक दात हलवला की शेजारच्यालाही सरकावं लागतं, त्याच्या शेजारच्यालाही, असं करत करत मी सुळ्यापर्यंत आले. बंदरातून बोटीचा भोंगा झाला, लांबलचक, आणि आमच्या दोघींच्याही लक्षात आलं की तो कुणासाठी होता. चिमटी स्वतःचं काम टाकून माझ्या खांद्यावरून वाकली होती. तिचं टोकदार हाड मला टोचत होतं आणि तिचा श्वास दिव्याची ज्योत हलवत होता. कालपासून साठवलेलं सगळं आता तिच्या तोंडून बाहेर पडायला लागलं, इतकी वर्षं झाली तरी तुला सुळा लावता येत नाही, मास्तर वैतागायचे ते उगाच नाही, बाईंचा ओठ फाडशील, दे इकडे, नाही, दे नको, तूच कर, पण बघून कर.

"सुळा आत घे," ती म्हणाली.

मी घेतला नाही.